दगड पाखडल्यावर उरतं काय?

आमच्या शाळेत एक गंमत चालते. उन्हाळ्याच्या सुटीत जो जिथं जाईल त्यानं तिथली एक वस्तू वर्गात आणायची. अट एकच, ती विकत घेतलेली नको. मागच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा कुणी मोरपीस आणलं, कुणी चिंचोके, कुणी सुगरणीचं पडलेलं घरटं. आणि एका मुलीनं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून आणला एक काळा दगड.

बाकीची मुलं हसली. "दगड तर आपल्या मैदानातपण आहेत!"

ती म्हणाली, "बाई, तुम्ही उचलून तर पाहा."

मी दगड हातात घेतला आणि खरंच हात खाली गेला. दिसायला पेरूएवढा, पण वजन चांगलं अर्ध्या किलोच्या वर! मग तो साऱ्या वर्गात फिरला. फिरून परत आला तेव्हा चाळीस मुलांची बोटं काळी झाली होती आणि दोघांच्या नाकावर मिशाही उगवल्या होत्या.

हा दगड होता मँगनीजचा. तो आला होता मनसरजवळच्या एका खेड्यातून, त्या मुलीच्या आजीच्या घरून. पुढं जवळजवळ महिनाभर आमच्या वर्गात या दगडावरच चर्चा चालली. त्यातून आम्हाला जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या अंगणातलं खनिज

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्यानं निघालं की रामटेकच्या अलीकडं मनसर लागतं. तुमच्यापैकी अनेक जण रामटेकच्या सहलीला जाताना तिथून गेले असतील. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, सावनेर तालुक्यातलं गुमगाव, ही सगळी मँगनीजच्या खाणींची गावं. हाच पट्टा पुढं भंडारा जिल्ह्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं जातो आणि तिथून मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत पोचतो.

नागपूर जिल्ह्यात मँगनीज खणायला सुरुवात झाली ती १८९९-१९०० च्या सुमारास, मनसरला. म्हणजे सव्वाशे वर्षं झाली. फर्मोर नावाचे एक इंग्रज भूशास्त्रज्ञ होते. त्यांनी या भागातले खडक पायी फिरून तपासले आणि १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर भला मोठा ग्रंथ लिहिला. इथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला त्यांनी नाव दिलं 'गोंडाइट'. कशावरून, ओळखा पाहू! इथल्या गोंड लोकांवरून. आज जगभरचे भूशास्त्रज्ञ आपल्या गोंडांचं नाव असं रोज घेतात, बरं का! देशात सर्वांत जास्त मँगनीज काढणाऱ्या 'मॉइल' या सरकारी कंपनीचं मुख्यालयही आपल्या नागपुरातच आहे.

पण हे मँगनीज लागतं कशाला? त्यातलं बहुतेक सगळं जातं पोलादात. लोखंडात थोडं मँगनीज घातलं की त्यातला गंधक आणि ऑक्सिजन यांचा त्रास कमी होतो आणि पोलाद चिवट बनतं. १८८२ साली इंग्लंडमधल्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी पोलादात शंभराला बारा-तेरा भाग मँगनीज मिसळून पाहिलं. तयार झालं असं पोलाद, की जितकं ठोकावं तितकं ते कठीण होत जातं. रेल्वेचे रूळ जिथं एकमेकांना ओलांडतात तिथं चाकांचे धक्के सर्वांत जास्त बसतात, म्हणून तिथं असंच मँगनीजचं पोलाद वापरतात. नागपूरचं डायमंड क्रॉसिंग तुम्ही ऐकून असालच. तिथून धडधडत जाणारी गाडी पाहाल तेव्हा या काळ्या दगडाची आठवण काढा.

आणि टीव्हीच्या रिमोटमधला किंवा भिंतीवरच्या घड्याळातला सेल? त्याच्या पोटात जी काळी पूड असते ना, तिच्यातही मँगनीजच असतं. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं खनिज सेलच्याही उपयोगी पडतं.

आजी वर्गात येतात

त्या मुलीची आजी तरुणपणी एका खाणीवर कामाला होती. मी तिला म्हटलं, "आजींना शाळेत घेऊन येशील का?" शनिवारी सकाळी आजी आल्या. नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, आणि हातात चक्क एक सूप! पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसायलाच तयार होईनात. मग बसल्या आणि तास कधी संपला ते कुणाला कळलंच नाही.

"तुमी काय काम करत होत्या आजी?" एकानं विचारलं.

"निवडाचं. हातोडीनं दगड फोडाचा. काळा अन् जड असन तो इकडं, पांढरा असन तो तिकडं. दिवसभर तेच. डोळ्यापेक्षा हाताले लवकर समजे."

मग त्यांनी सूप पुढं घेतलं. त्यात तांदूळ, कोंडा आणि चार खडे होते. दोन-तीन वेळा सूप असं काही उडवलं की कोंडा पुढं उडाला, खडे एका कोपऱ्यात जमले आणि तांदूळ मधे राहिला. आजी म्हणाल्या, "हेच ते काम. फक्त तांदूळ दगडाचा."

मित्रमैत्रिणींनो, खनिजावर प्रक्रिया करायची म्हणजे काय, याची याहून सोपी व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचली नाही. जमिनीतून निघालेल्या दगडात हवा असलेला धातू थोडा आणि नको असलेला दगड पुष्कळ असतो. दोघांना वेगळं करायचं, म्हणजे दगड पाखडायचा. आता हे काम मोठमोठी यंत्रं करतात. त्याचे टप्पे असे:

पहिला टप्पा फोडण्याचा. दगड मोठा असेल तर धातू आणि खडक एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. म्हणून तो फोडतात, गरज पडली तर दळतातसुद्धा.

दुसरा चाळण्याचा. आपल्या घरी पिठाची, रव्याची, गव्हाची चाळणी वेगळी, तशाच इथं लहानमोठ्या जाळ्या असतात.

तिसरा पाण्यात धुण्याचा. पाण्याच्या मानानं मँगनीजचं खनिज साडेचारपटीहून जड असतं, तर पांढरी गारगोटी अडीचपटीहून थोडी जास्त. मग पाण्यात चाळणी वरखाली हलवली की जड खनिज तळाशी बसतं आणि हलका दगड वर येतो. असं करणाऱ्या यंत्राला 'जिग' म्हणतात.

चौथा टप्पा चुंबकाचा. हे ऐकताच आमच्या वर्गातल्या एका मुलानं दुसऱ्या दिवशी जुन्या स्पीकरचं चुंबक आणलं आणि दगडाला लावून पाहिलं. चिकटलंच नाही! बिचारा हिरमुसला. पण त्याचं काही चुकलं नव्हतं. मँगनीजच्या खनिजाला चुंबकाची ओढ अगदी मंद असते. त्यासाठी कारखान्यात फार जोरदार चुंबकं लागतात.

कचरा घर बदलतो

सूप उडवल्यावर पुढं उडालेला कोंडा आमच्या वर्गाच्या फरशीवर पसरला होता. तास संपल्यावर मी विचारलं, "आता हे कोण झाडणार?"

सगळे गप्प!

खनिजाचंही अगदी तसंच आहे. तांदूळ सगळ्यांना हवा, कोंड्याचं काय करायचं ते कुणी विचारत नाही. दगड पाखडल्यावर तीन गोष्टी उरतात: धूळ, गढूळ पाणी आणि दगडमातीचा ढिगारा. या तिघांची गंमत, गंमत कसली, अडचण अशी की एकाला हाकललं की तो दुसऱ्याचं रूप घेऊन परत येतो. आमच्या मुलांनी याला नाव दिलं, 'कचरा घर बदलतो'.

पहिला धुळीकडं पाहू. आजी म्हणाल्या होत्या, "नाकाले पदर बांधत होतो आमी. तरी घरी गेलं की पोरं हसत, माय काळी झाली मनून." ही धूळ नुसती काळी करून सोडत नाही. १८३७ साली जॉन कूपर नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या काही मजुरांबद्दल लिहिलं. ब्लीचिंग पावडरच्या कारखान्यात हे मजूर मँगनीजचं काळं खनिज दळायचे. त्यांच्या पायांतलं बळ गेलं, चालताना ते पुढं झुकायला लागले, बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर ती मेंदूला इजा करते, हे तेव्हा जगाला पहिल्यांदा समजलं.

घाबरू नका. थोडंसं मँगनीज आपल्या शरीराला लागतंच. गहू, डाळी, हिरव्या भाज्या यांतून ते मिळतं. दगड हातात घेतल्यानंही काही होत नाही, हात धुतले की झालं. धोका आहे तो रोज, वर्षानुवर्षं, श्वासावाटे.

मग उपाय काय? जिथं दगड फुटतो तिथं पाण्याचे फवारे उडवायचे, पट्टे आणि चाळण्या झाकून टाकायच्या, धूळ ओढून घेणारी यंत्रं बसवायची, रस्त्यांवर पाणी मारायचं, कामगारांना चांगले मास्क द्यायचे आणि त्यांची डॉक्टरांकडून नियमित तपासणी करायची. पाणी मारलं की धूळ खाली बसते. छान!

पण थांबा. धूळ गेली कुठं? पाण्यात! कचऱ्यानं घर बदललं.

गढूळ पाणी आणि तुरटीची जादू

हे गढूळ पाणी नाल्यात सोडलं तर तिथून ते नदीत जाणार, शेतात जाणार, विहिरीत झिरपणार. पाण्यात मँगनीज जास्त झालं की त्याला चव येते, धुतलेल्या कपड्यांवर तपकिरी-काळे डाग पडतात. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या भारतीय मानकात एका लिटरमध्ये मँगनीज ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच असावं असं म्हटलं आहे. दुसरं चांगलं पाणी मिळतच नसेल तर जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅम. म्हणजे किती थोडं पाहा!

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की तुमची आजी काय करते? तुरटी फिरवते. जुन्या काळी खेड्यांत निवळीचं बी मडक्यात आतून घासायचे. खाणीवरही युक्ती तीच. मातीचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत राहतात, कारण त्या सगळ्यांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. तुरटीसारखा पदार्थ घातला की हे भांडण मिटतं. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. कारखान्यात यासाठी भल्या मोठ्या गोल टाक्या असतात. गाळ तळाशी जातो, निवळ पाणी काठावरून ओसंडतं आणि तेच पाणी पुन्हा खनिज धुवायला वापरतात. म्हणजे नदीतून नवं पाणी कमी घ्यावं लागतं आणि घाण पाणी बाहेर जात नाही. एका दगडात दोन पक्षी!

पण तळाशी बसलेला चिखल? हा चिखल साठवायला जगभर मोठमोठे बांध घालतात आणि इथंच फार जपावं लागतं. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझील देशात ब्रुमादिन्यो इथं लोखंडाच्या खाणीचा असा एक बांध फुटला. दुपारच्या जेवणाची वेळ होती. चिखलाचा लोंढा खाणीच्या जेवणघरावरून आणि घरांवरून गेला. २७० माणसं दगावली. हे ऐकताना आमचा वर्ग अगदी शांत झाला होता.

म्हणून आता अनेक ठिकाणी चिखल पातळ ठेवतच नाहीत. चक्का करताना आपण दही फडक्यात बांधून पाणी काढतो ना? तसा मोठ्या गाळणयंत्रात चिखल दाबून त्यातलं पाणी पिळून घेतात आणि उरलेल्या ओलसर वड्यांसारख्या मातीचा ढीग रचतात. खर्च जास्त येतो, पण बांध फुटायची भीती खूपच कमी होते.

पिळलेल्या चिखलाचा ढीग झाला, म्हणजे कचरा पुन्हा नव्या घरी गेला. आता तिसऱ्याकडं वळू.

ढिगाऱ्यावर झाड उगवतं का?

खनिज काढायच्या आधी वरची माती आणि नुसता दगड बाजूला टाकावा लागतो. निवडल्यावर उरलेला दगडही तिथंच पडतो. त्याच्या टेकड्या होतात. पावसात त्यांची माती ओघळून शेतात जाते, उन्हाळ्यात वाऱ्यानं धूळ उडते.

आमच्या मुलांनी मला विचारलं, "बाई, मग त्यावर झाडं का नाही लावत?" चांगला प्रश्न. पण नुसत्या ढिगाऱ्यावर बी टाकून पाहा, काही उगवणार नाही. कारण ती माती नसतेच, ते दगडांचे तुकडे असतात. मातीत कुजलेला पाला लागतो, नायट्रोजन लागतो, ओल धरून ठेवायची ताकद लागते आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोट्यवधी सूक्ष्मजीव लागतात. यांपैकी तिथं जवळजवळ काहीच नसतं, उलट धातूंचं प्रमाण जास्त असतं. निसर्गाला बोटभर जाडीची चांगली माती बनवायला शेकडो वर्षं लागतात. तेवढं थांबायचं कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधलं आपल्या नागपुरातच. 'नीरी' म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. ही संस्था १९५८ साली सुरू झाली. तिथल्या डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या काळात गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर एक प्रयोग केला. त्यांनी काय केलं असेल? एका कचऱ्यावर दुसरा कचरा घातला!

साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर काळपट गाळ उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. तो सेंद्रिय खतासारखा कसदार असतो. ढिगाऱ्यावर खड्डे करून त्यात हा प्रेसमड आणि माती भरली. मग रोपांच्या मुळांना सूक्ष्मजीवांची सोबत दिली. रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. मायकोरायझा नावाची बुरशी मुळांना चिकटून आपले धागे दूरवर पसरवते आणि मुळांचे हात जिथं पोचत नाहीत तिथून पाणी आणि अन्न आणून देते. झाडंही आपल्याकडच्या उन्हाला तोंड देणारी निवडली: साग, शिसू, कडुलिंब, आवळा, बांबू अशी.

आणि झाडं जगली! त्यांचा पाला पडला, कुजला, सूक्ष्मजीव वाढले आणि दगडाच्या ढिगाऱ्यावर हळूहळू खरी माती तयार व्हायला लागली. काळ्या टेकडीनं हिरवं लुगडं नेसलं. पुढं ही पद्धत खाणींच्या इतर ढिगाऱ्यांवरही वापरली गेली.

मात्र एक गोष्ट विसरायची नाही. लावलेली झाडं म्हणजे पूर्वीचं रान नव्हे. म्हणूनच नियम असा आहे की खाण खोदताना सर्वांत वरची सुपीक माती वेगळी काढून जपून ठेवायची आणि नंतर तीच पुन्हा अंथरायची. आई कशी विरजणापुरतं दही बाजूला काढून ठेवते, तशी ही मातीसुद्धा पुढच्या पिढीचं विरजणच आहे.

कोंडाच कमी झाला तर?

आमच्या वर्गातला एक चळवळ्या मुलगा म्हणाला, "बाई, आधी पसारा करायचा आणि मग आवरायचा, त्यापेक्षा पसाराच कमी केला तर?" शाब्बास! मोठमोठे शास्त्रज्ञही याच विचारात आहेत.

भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय नागपुरात आहे आणि हिंगण्याला त्यांची खनिजांवर प्रयोग करणारी मोठी प्रयोगशाळा आहे. एखाद्या खाणीतलं खनिज कसं फोडावं, कसं धुवावं म्हणजे कमीत कमी वाया जाईल, हे तिथं आधी करून पाहतात. पूर्वी कमी प्रतीचं म्हणून टाकून दिलेलं खनिजही आज नव्या युक्त्यांनी उपयोगी पडू शकतं. म्हणून असं खनिज दगडात न मिसळता वेगळं रचून ठेवायचा नियम आहे. आज फेकलेलं उद्या कामी येईल!

जगात काही ठिकाणी तर आजींचं निवडायचं काम आता यंत्राचे डोळे करतात. पट्ट्यावरून दगड धावतात, क्ष-किरण किंवा कॅमेरा प्रत्येक दगड तपासतो आणि नको असलेल्या दगडाला हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. नको तो दगड दळायच्या आधीच बाजूला झाला की धूळ कमी, पाणी कमी आणि वीजही कमी लागते.

जमिनीखालच्या खाणीत खनिज काढल्यावर पोकळी उरते. ती खचू नये म्हणून त्यात वाळू आणि पाणी सोडून भरण करतात. पण ही वाळू नदीतून आणायची म्हणजे नदीचं नुकसान. म्हणून जगात अनेक खाणींत धुतल्यावर उरलेला बारीक गाळच सिमेंटसारख्या पदार्थात मिसळून पोकळीत परत भरतात. ज्याचं घर होतं तोच घरी परत गेला!

कोळशाच्या खाणींतही आपल्याकडं असं एक काम झालं आहे. नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीनं गोंडेगावच्या खाणीवर कोळशाच्या वरची जी माती ढिगाऱ्यात जाते, ती धुऊन त्यातून बांधकामाची वाळू वेगळी केली. जेवढी वाळू ढिगाऱ्यातून मिळेल तेवढी कन्हान नदीतून कमी उपसावी लागेल, नाही का?

त्या मुलीचा प्रश्न

हे सगळं शिकून झाल्यावर ज्या मुलीनं दगड आणला होता, तिनं हात वर केला. "बाई, एवढा त्रास आहे तर खाणी बंदच करून टाकल्या तर?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. रेल्वे हवी, पूल हवेत, सायकल हवी. आणि धूळही नको. मी म्हटलं, "आजींना विचारून ये."

दुसऱ्या दिवशी ती आजींचं उत्तर वहीत लिहून घेऊन आली. आम्ही ते फळ्यावर लिहून ठेवलं: "बंद कराले का लागते? त्याच कामावर म्या दोन पोरी शिकवल्या. पण आता ज्या पोरी कामावर जातीन, त्यांच्या नाकात धूळ नाही गेली पायजे. अन् गावच्या विहिरीचं पाणी खराब नाही झालं पायजे. येवढंच."

एवढंच! पण या 'एवढंच'साठी किती शास्त्र, किती खर्च आणि किती लक्ष लागतं ते तुम्ही आता वाचलंत. तांदूळ ज्याला मिळतो त्यानंच कोंडा झाडायचा, असा हा साधा न्याय आहे. खाण चालवणाऱ्यांनी तो पाळायचा, सरकारनं तो पाळला जातोय ना ते पाहायचं आणि आपण? आपणही पोलाद आणि सेल वापरतोच की!

म्हणून आमच्या वर्गानं दोन गोष्टी ठरवल्या. एक, घरातलं मोडकं लोखंड अंगणात गंजू द्यायचं नाही, भंगारवाल्याला द्यायचं. जुनं पोलाद वितळवून पुन्हा वापरलं की तेवढं नवं खनिज कमी खणावं लागतं. दोन, संपलेले सेल कचऱ्यात टाकायचे नाहीत. २०२२ पासून आपल्या देशात वापरलेले सेल परत गोळा करायची जबाबदारी ते बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. आम्ही वर्गात एक डबा ठेवला आहे, तो भरला की असे सेल घेणाऱ्या केंद्रावर देणार आहोत. आणि हो, कांडी काढायला सेल फोडायचा खेळ आजपासून बंद! आतली काळी पूड कुठली ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

करून पाहा

जिग: एका जाळीच्या चाळणीत सारख्या आकाराचे लहान खडे आणि लोखंडी नट एकत्र मिसळा. पाण्यानं भरलेल्या बादलीत चाळणी धरून हळूहळू वरखाली हलवा. वीस-पंचवीस वेळा हलवल्यावर वरचा थर अलगद बाजूला करून पाहा. नट कुठं सापडले?

निवळ पाणी: दोन काचेच्या पेल्यांत सारखंच गढूळ पाणी घ्या. एकात तुरटीचा खडा आठ-दहा वेळा फिरवा, दुसरा तसाच ठेवा. दर पाच मिनिटांनी पाहा आणि वहीत चित्र काढा. हे पाणी पिऊ नका, कुंडीतही घालू नका. निवळ पाणी काढून घ्या आणि त्यातच पुन्हा माती कालवून प्रयोग करा. तळाचा गाळ वाळवून त्याचं वजन करा. एवढ्याशा पेल्यात इतका गाळ, तर कारखान्यात किती असेल?

तो काळा दगड अजून आमच्या वर्गाच्या खिडकीत आहे. नवीन मुलगा आला की आम्ही तो त्याच्या हातात देतो. हात खाली जातो, बोटं काळी होतात, मग सगळे ओरडतात, "आधी हात धू, मग सांगतो!"